महानिर्वाणातला नाना : एका नटाच्या नाटककार होण्याचे प्रकरण

नट म्हणून रंगमंचावर आलेला माणूस पुढे नाटककार होतो, ही मराठी रंगभूमीवर नवलाची गोष्ट नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर नाटककार होते, तालीममास्तर होते आणि स्वतः नटही होते. तरीही सतीश आळेकर यांची कारकीर्द वेगळी काढून तपासावी अशी आहे. नट, मग एकांकिकाकार, मग नाटककार आणि दिग्दर्शक, मध्येच चित्रपटांचा संवादलेखक आणि पटकथाकार, नंतर विद्यापीठातला प्राध्यापक, असा हा प्रवास सरळ रेषेत मांडता येतो आणि बहुतेक परिचयांत तो तसाच मांडलेला असतो. त्या मांडणीत एक गोष्ट हरवते. आळेकरांनी अभिनय सोडून लेखन धरले, असे कधी झालेच नाही. ज्या मंडळींबरोबर ते तालमीला उभे राहत होते, त्या मंडळींना संहिता हवी होती आणि ती त्यांनी लिहिली. या प्रकरणाचा गाभा माझ्या मते एवढाच आहे. त्यामुळे पुढच्या विवेचनात पुरस्कारांपेक्षा परिस्थितीला जास्त जागा दिली आहे.

परिस्थिती

आळेकरांचा जन्म ३० जानेवारी १९४९ रोजी दिल्लीत झाला, पण ते वाढले पुण्यात. रमणबागेतली शाळा, फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९७२ साली पुणे विद्यापीठाची जीवरसायनशास्त्रातली एम.एस्सी. असा त्यांच्या शिक्षणाचा क्रम आहे. त्यांचे महाविद्यालयीन नाटकातले काम दिग्दर्शक भालबा केळकरांच्या नजरेस पडले आणि केळकरांनी त्यांना प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पुण्यात सगळे ज्या संस्थेला ‘पीडीए’ म्हणत त्या संस्थेत, बोलावून घेतले. या निमंत्रणाचे कारण लक्षात ठेवावे लागते. त्यांना बोलावले होते ते नट म्हणून. ‘झुलता पूल’ ही त्यांची पहिली एकांकिका १९६९ सालची. ती त्यांनीच लिहिली आणि त्यांनीच बसवली.

पीडीएतल्या तरुण मंडळींचा एक गट डॉ. जब्बार पटेल यांच्याभोवती जमला होता. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ या गटाने १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात सादर केले. त्याच्या दिग्दर्शनात आळेकर पटेलांचे साहाय्यक होते. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठले, संस्थेतल्या ज्येष्ठांनी १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले आणि तरुण मंडळी बाहेर पडली. २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकादमी स्थापन झाली. ११ जानेवारी १९७४ पासून ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आले आणि पुढे १९८० साली युरोपच्या दौऱ्यावरही गेले. हा इतिहास पुणेकर वाचकांना पाठ आहे, त्यामुळे त्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने त्यातून दोनच गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली, फुटून निघालेल्या या मंडळींकडे गाणारे, नाचणारे आणि समूहात वावरण्याची सवय असलेले नट मोठ्या संख्येने होते, परंतु नाटके मात्र फारशी नव्हती. दुसरी, ‘घाशीराम’मध्ये ब्राह्मणांची रांगच पडदा होते, भिंत होते आणि गावही होते. नटांच्या अंगाने नेपथ्य उभे करण्याची ही रीत दिग्दर्शकाच्या शेजारी उभे राहून रोज पाहणाऱ्या पंचविशीच्या आतल्या माणसावर तिचा परिणाम होणारच.

तिसरी गोष्ट संस्थेच्या इतिहासात सहसा लिहिली जात नाही आणि ती पोटापाण्याची आहे. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते आणि दौंडला त्यांचा दवाखाना होता. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ आणि बी. जे. मेडिकल कॉलेजात शिक्षक होते. संगीतकार आनंद मोडक बँकेत नोकरीला होते. आळेकर स्वतः बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरी करत होते आणि ती नोकरी त्यांनी १९९० च्या दशकापर्यंत केली. या मंडळींपैकी कोणाचीही चूल नाटकाच्या ‘नाइट’वर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, पेटत नव्हती. व्यावसायिक रंगभूमीवरच्या नाटककाराला निर्मात्याचा, तिकीट खिडकीचा आणि दौऱ्याच्या गावांचा विचार करूनच दुसरा अंक लिहावा लागतो. आळेकरांना तो करावा लागला नाही. प्रायोगिक रंगभूमीच्या धाडसाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण त्या धाडसामागे दर महिन्याला येणारा सरकारी पगार उभा होता हेही बोलले पाहिजे. त्याने धाडस लहान ठरत नाही, फक्त ते कशामुळे शक्य झाले हे कळते.

‘महानिर्वाण’

या परिस्थितीतून जे निघाले त्याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे २२ नोव्हेंबर १९७४ रोजी भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालेले ‘महानिर्वाण’. लेखन आणि दिग्दर्शन आळेकरांचे, संगीत आनंद मोडकांचे, भाऊराव झाले होते चंद्रकांत काळे आणि भाऊरावांचा मुलगा नाना स्वतः आळेकर. त्यांचे ‘मिकी आणि मेमसाहेब’ (१९७३) आधीच रंगमंचावर आलेले होते, तरी नाटककार म्हणून त्यांची ओळख पक्की झाली ती ‘महानिर्वाण’ने.

नाटकाची हकीकत थोडक्यात अशी. चाळीत राहणारे भाऊराव मरतात आणि मेल्यावर आपल्याच मरणाचे कीर्तन करू लागतात. त्यांची एकच अट असते, दहन व्हायचे ते जुन्या स्मशानातच. पण ते स्मशान बंद झालेले आहे आणि नवे दुसरीकडे निघाले आहे. पुण्याच्या प्रेक्षकाला येथे ओंकारेश्वराजवळची जुनी स्मशानभूमी आणि नव्या पेठेतले वैकुंठ आठवल्यावाचून राहत नाही. मुलगा वडिलांच्या या हट्टात अडकतो. पत्नी रमा शोक करता करता चाळकऱ्यांतल्या ‘डावीकडून तिसऱ्या’ माणसाकडे ओढली जाते. नवरा अजून पुरता गेलेलाही नसतो. शेवटी नाना खटपट करून जुन्या स्मशानातच दहन घडवून आणतो.

या हकीकतीला ‘काळा विनोद’ असे नाव देऊन मोकळे होता येते. पण आपल्याला पाहायचे आहे ते हे, की ही रचना लेखकाच्या टेबलावर सुचणारी आहे की तालमीच्या जागेत सुचणारी. माझे उत्तर ‘तालमीच्या जागेत’ असे आहे, आणि त्याची साक्ष कीर्तनाच्या वापरात मिळते.

कीर्तनकार हा आपल्याकडचा सर्वांत जुना एकपात्री नट आहे. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात ज्याने एखादे आख्यान बसून ऐकले असेल त्याला ही कामगिरी किती अवघड आहे याची कल्पना असेल. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण करायचे, उत्तररंगात आख्यान लावायचे, आख्यानातला राजा, राणी, दूत आणि मंत्री सगळे एकट्यानेच व्हायचे, मध्येच थांबून समोरच्या म्हाताऱ्यांची थट्टा करायची, टाळकऱ्यांना इशारा देऊन पदात शिरायचे आणि पद संपताच पुन्हा साध्या बोलण्यावर यायचे. अंगावर धोतर आणि उपरणे, हातात चिपळ्या, पुढे श्रोते, मागे साथीदार, एवढाच संसार. नटाला यातले सर्वांत हेवा वाटण्याजोगे काय असेल तर प्रेक्षकांशी थेट बोलण्याची मुभा. वास्तववादी दिवाणखान्याच्या नाटकात ती मिळत नाही.

आळेकरांनी ही मुभा प्रेताला दिली. हा नुसता चमत्कृतीचा भाग राहत नाही. मेलेला माणूस प्रसंगात भाग घेऊ शकत नाही, पण निरूपण करू शकतो. जिवंत माणसे एकमेकांशी बोलत राहतात आणि मेलेला प्रेक्षकांशी बोलतो. त्यामुळे रंगमंचावर एकाच वेळी दोन पातळ्या तयार होतात आणि त्या सांभाळायला दिवे, फिरता रंगमंच किंवा वेगळे नेपथ्य काहीच लागत नाही, लागतो तो गाणारा आणि बोलणारा एक तयार नट. असा नट मंडळीत होता. चाळकरी रांगेने उभे राहतात, ओळखी विसरून एक समूह होतात आणि त्यांच्यातला ‘तिसरा’ केवळ त्याच्या जागेने ओळखला जातो. ही युक्ती कागदावर वाचताना किरकोळ वाटते. रंगमंचावर मात्र रमेची नजर रांगेवरून सरकत तिसऱ्यावर थांबते तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकतो आणि लगेच अवघडलेपणही येते, कारण त्या माणसाला नाव नाही, चेहरा नाही, आहे ती फक्त जागा. हालचाली बसवताना ‘तू डावीकडून तिसरा’ हीच भाषा वापरली जाते. तालमीतली सूचना जशीच्या तशी पात्राचे नाव होऊन बसावी, हे सतत तालमीत वावरणाऱ्या माणसालाच सुचते, असे मला वाटते. लेखकाने तसे कुठे म्हटले आहे असा माझा दावा नाही. संहितेवरून काढलेला तो माझा तर्क आहे.

आणखी एक गोष्ट. नानाची भूमिका नाटकात सर्वांत कष्टाची आहे, पण सर्वांत चमकदार नाही. टाळ्या भाऊरावांना मिळतात, कारण गाणे त्यांच्याकडे आहे. नानाच्या वाट्याला धावपळ, चिडचिड आणि ऐकून घेणे येते. स्वतः लिहिलेल्या नाटकात नटाने स्वतःसाठी अशी भूमिका ठेवावी यामागे दिग्दर्शकाची सोयही असणार, कारण नाना बहुतेक वेळ रंगमंचावर असतो आणि तिथे उभे राहून प्रयोगाची लय हाताशी ठेवता येते. ‘नटाने लिहिलेले नाटक’ म्हटले की लेखकाने स्वतःला देऊ केलेली लांबलचक स्वगते आठवतात. येथे तसा मामला नाही.

नाटकापासून पडद्याकडे

‘महापूर’ (१९७५) लगेच आले आणि त्याचे दिग्दर्शन मोहन गोखले यांनी केले. १९७९ चे ‘बेगम बर्वे’ मात्र या प्रकरणात महत्त्वाचे आहे, कारण ते नटाविषयीचेच नाटक आहे. संगीत नाटक कंपन्यांत दुय्यम स्त्री भूमिका करून आयुष्य घालवलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो आणि टांगेवाल्या श्यामरावाच्या मुठीत राहतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून त्याच्या स्वप्नात शिरतात, किंवा तो त्यांच्या स्वप्नात शिरतो, आणि जावडेकरांच्या मनातल्या नलावडेबाईंची जागा बर्वे घेतो. जुनी नाट्यपदे येथे सजावटीसाठी येत नाहीत. बर्वेकडे स्वतःची अशी दुसरी भाषाच उरलेली नाही, म्हणून तो पदांतून बोलतो. ज्या शहरात बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले, त्याच शहरात अकरा वर्षांनी बालगंधर्व कधीच न होऊ शकलेल्या नटाचे नाटक लिहिले गेले. मराठीतल्या श्रेष्ठ नाटकांची यादी करायची वेळ आली तर मी ‘महानिर्वाण’च्या आधी ‘बेगम बर्वे’ घालीन. हा अर्थात आवडीचा प्रश्न आहे.

चित्रपटलेखन या दोन नाटकांच्या मधे सुरू झाले. ‘जैत रे जैत’ (१९७७) हा गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा चित्रपट जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केला आणि त्याचे संवाद आळेकरांनी लिहिले. नाग्या झाले मोहन आगाशे आणि चिंधी झाल्या स्मिता पाटील. दिग्दर्शक, नायक आणि संवादलेखक तिघेही एकाच तालमीतले होते. चित्रपटाच्या धंद्यात कोणाच्या दारात जाऊन काम मागावे लागले, असा हा मामला नाही. नाटकवाली मंडळी कॅमेऱ्यापुढे गेली आणि आपला लेखक बरोबर घेऊन गेली. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

संवादलेखकाच्या दृष्टीने मात्र हे काम नाटकाच्या अगदी उलट होते. ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत चित्रपटभर पसरलेले आहे, गाणी डझनाहून अधिक आहेत आणि कथेचा मोठा भाग तीच वाहून नेतात. ठाकर वस्तीतला ढोल वाजवणारा नाग्या, त्याचा डोळा घेणारी राणी माशी, लिंगोबाच्या डोंगरावरची मधाची पोळी झाडण्याचा त्याचा निश्चय, यातले काहीच चाळीच्या भाषेत सांगता येणारे नाही. संवादाने थोडक्यात बोलून बाजूला व्हायचे आणि गाण्याला जागा द्यायची, एवढेच तिथे अपेक्षित होते. नाटकात शब्दच सगळे उभे करतात आणि येथे डोंगर आधीच उभा असतो. बोलघेवड्या पुणेरी नाटककाराने इतके कमी बोलावे ही शिस्त सोपी नसते. नटाला ती लवकर कळते असे मला वाटते, कारण ज्या वाक्याचे काम चेहऱ्याने होते ते वाक्य म्हणताना त्याच्या जिवावर येते.

पुढचे ठळक काम त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आलेले ‘कथा दोन गणपतरावांची’. अरुण खोपकरांच्या या चित्रपटाला गोगोलच्या दोन मित्रांच्या भांडणाच्या कथेचा आधार आहे. दिलीप प्रभावळकर आणि मोहन आगाशे हे दोन गणपतराव आहेत. क्षुल्लक कारणावरून जन्मभराचे वैर आणि ते वैर जपण्यातला मानीपणा, हा ऐवज रशियातून आला असला तरी आळेकरांच्या नाटकांत तो आधीपासून मुक्कामाला होता. म्हणून येथे त्यांची लेखणी अधिक सैल चालते.

एकंदर पाहता पटकथालेखन हा त्यांचा मुख्य व्यवसाय कधीच झाला नाही. याला उणीव म्हणावे का? मला तसे वाटत नाही, पण तुलनेसाठी दुसरे उदाहरण घेणे उपयोगी आहे. पुण्यातलेच नट गिरीश कुलकर्णी यांनी उमेश कुलकर्णींबरोबर ‘वळू’पासून (२००८) चित्रपटलेखन केले आणि ‘देऊळ’साठी (२०११) अभिनय आणि संवाद असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. तिथे नट आणि पटकथाकार ही जोडी थेट पडद्यासाठीच घडली आणि दिग्दर्शक फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेला होता. आळेकरांच्या पिढीला फिल्म इन्स्टिट्यूट प्रभात रस्त्याच्या टोकाला १९६० पासून हाताशी होती, तरी त्यांची वाट सदाशिव पेठेतून गेली. दोन्ही प्रकरणांत समान काय, तर लेखक एकटा नाही. त्याच्या वाक्यांची वाट पाहणारे, त्याला नावानिशी माहीत असलेले नट आणि दिग्दर्शक समोर आहेत.

खंड

कारकिर्दीच्या या भागाबद्दल कमी बोलले जाते. ‘शनिवार-रविवार’ (१९८२), ‘दुसरा सामना’ (१९८७) आणि ‘अतिरेकी’ (१९९०) यांच्यानंतर पुढचे मोठे नाटक ‘पिढीजात’ २००३ साली आले. मधली तेरा वर्षे रिकामी नव्हती. १९९४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९९६ ते २००९ या काळात ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख होते. पद्मश्री २०१२ सालची. पण नाटक लिहून झाले नाही हे खरेच आहे. प्रयोगशाळेतली नोकरी नाटकाला पोसत होती, कारण संध्याकाळी ती सुटत होती आणि नाटकाशी तिचा काही संबंध नव्हता. विद्यापीठातली नोकरी नाटकाचीच होती, ती संध्याकाळी सुटणार कशी? वर मंडळीही विखुरली होती, कोणी चित्रपटांत, कोणी आपापल्या व्यवसायात. ज्या जुळणीतून लेखन होत होते ती जुळणीच उरली नव्हती, असे कारण मला दिसते. हेही अनुमानच.

ही जुळणी किती महत्त्वाची आहे याची जाणीव आळेकरांना असावी, असे थिएटर अकादमीच्या एका योजनेवरून वाटते. १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नव्या नाटककारांसाठी आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांसाठी त्यांनी एक कार्यक्रम आखला आणि राबवला. त्यात नाटककार घडवणे आणि नाट्यसंस्था उभ्या करणे ही दोन कामे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. लेखनाच्या कार्यशाळा पुष्कळ होतात. लेखकाबरोबर त्याचे लेखन रंगमंचावर उभे करून पाहणारी मंडळीही तयार झाली पाहिजे, हा विचार मात्र त्या काळी फारसा कोणी केला नव्हता.

नट म्हणून त्यांचे काम उतारवयात चित्रपटांतून पुन्हा ठळकपणे दिसू लागले. ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) पाहिलेल्या तरुण प्रेक्षकाला त्यांची नाटके माहीत असतीलच असे नाही. लेखनही थांबले नाही, ‘एक दिवस मठाकडे’ आणि ‘ठकीशी संवाद’ ही नाटके अलीकडच्या काळातली आहेत. या प्रकरणाचा पुढचा अभ्यास करू पाहणाऱ्याने ‘महानिर्वाण’ची छापील संहिता घ्यावी आणि फक्त नानाची वाक्ये वेगळी काढून मोठ्याने वाचावीत. कुठे श्वास घ्यायला जागा ठेवली आहे, कुठे वाक्य अर्धे सोडून दुसऱ्याला पकडायला दिले आहे आणि कुठे भाऊरावांच्या पदाला वाट करून दिली आहे, हे तेवढ्याने पुष्कळ कळते. मग तेच काम ‘जैत रे जैत’च्या संवादांवर करावे. चित्रपट पाहताना गाणी बाजूला ठेवून केवळ बोलणे टिपून घ्यावे लागेल आणि टिपलेले कागद फार थोडे भरतील.